मोठे दिसणे आणि चांगले दिसणे : दुर्बिणीच्या नेत्रिकेची पारख

२७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर अंतरावर आला होता. जवळपास साठ हजार वर्षांत तो इतका निकट आला नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षे ऑगस्ट महिना उजाडला की, ‘यंदा मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार’ असा ई-मेल आणि पुढे मोबाइलवरचा संदेश हमखास फिरू लागला. हौशी मंडळी रात्री गच्चीवर जात आणि एक तांबूस ठिपका पाहून निराश होऊन खाली उतरत. गंमत अशी की, ही अफवा ज्या वाक्यातून जन्मली ते मूळ वाक्य खोटे नव्हते. ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिल्यास तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा भासेल, असे त्यात म्हटले होते. त्यातला दुर्बिणीचा उल्लेख तेवढा वाटेत गळून पडला.

गणित साधे आहे. त्या दिवशी मंगळाची तबकडी सुमारे २५ विकला रुंद होती. तिला ७५ ने गुणले की ३१ कला होतात आणि पूर्णचंद्राची सरासरी रुंदीही तेवढीच आहे. तरीही ज्यांनी खरोखर ७५ पट मोठा मंगळ पाहिला, त्यांना चंद्रासारखे ठसठशीत काही दिसले नाही. एक लहानशी नारिंगी चकती, तिच्यावर पुसट डाग आणि एका टोकाला ध्रुवाची पांढुरकी टोपी, एवढेच. मोठे दिसणे आणि चांगले दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकाशदर्शनाच्या छंदातील पहिले सत्य होय. हा फरक ज्या छोट्या नळकांड्यावर अवलंबून असतो, ते म्हणजे दुर्बिणीची नेत्रिका. रोजच्या भाषेत तिला आयपीस म्हणतात.

दुर्बीण घेताना आरसा किती इंची, नळी किती लांब, तिपाई कशी याची चौकशी होते; नेत्रिका मात्र सोबत येईल ती पत्करली जाते. परिणामी नव्याचे नऊ दिवस सरले की दुर्बीण माळ्यावर जाते आणि घरातल्या मुलाचा आकाशाचा नादही तिच्याबरोबर संपतो. दोष बहुतेक वेळा मुलाचा नसतो, आकाशाचा तर नसतोच.

नेत्रिका करते काय?

दुर्बिणीचे मुख्य भिंग किंवा आरसा दूरच्या वस्तूचा प्रकाश गोळा करून तिची छोटी प्रतिमा तयार करतो. नेत्रिका ही ती प्रतिमा जवळून न्याहाळण्याचे भिंग आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विशालन, म्हणजे बोलीभाषेतील ‘पॉवर’ मिळते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर वस्तू ४८ पट, आणि १० मिलिमीटरची लावली तर १२० पट मोठी दिसते. नेत्रिकेवरील आकडा जितका लहान तितके विशालन अधिक. म्हणजेच दुर्बिणीला स्वतःची अशी ‘पॉवर’ नसते. ती नेत्रिका बदलली की बदलते, आणि नेमका याच गोष्टीचा गैरफायदा बाजारात घेतला जातो.

५२५ पटींचा मोह

खेळण्यांच्या आणि भेटवस्तूंच्या दुकानांत ६० मिलिमीटर भिंगाच्या छोट्या दुर्बिणी मिळतात. त्यांच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हा आकडा येतो कुठून? नळीचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि नेत्रिका ४ मिलिमीटरची, म्हणजे विशालन १७५ पट. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की झाले ५२५. भागाकार-गुणाकार बिनचूक आहे. फक्त त्या विशालनाला दिसत काही नाही.

याचे कारण प्रकाशात आहे. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो आणि तो अधिकाधिक मोठ्या प्रतिमेवर पसरतो. शिवाय भिंगाचा व्यास जितका लहान तितका त्याने दाखवण्याजोगा तपशील कमी. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगस्वरूपातूनच येते आणि कोणत्याही नेत्रिकेला ती ओलांडता येत नाही. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन पट, हा सर्वसाधारणपणे मानला जाणारा कमाल हिशेब आहे. ६० मिलिमीटरला १२० पट झाले की पुढचे विशालन पोकळ ठरते. १२० वरून ५२५ वर जाताना चित्र सुमारे १९ पट अंधूक होते आणि नव्या तपशिलाची भर पडत नाही. वर डळमळत्या तिपाईमुळे शनी नुसता थरथरत राहतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण दुर्बिणीलाही लागू पडते.

मोठ्या दुर्बिणीलाही एक मर्यादा आहे आणि ती म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा. आठ इंची, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला हिशेबाने ४०० पट विशालन पेलता येते. प्रत्यक्षात सामान्य रात्री वातावरणातील चलबिचलीमुळे १५० ते २०० पटींच्या पुढे ग्रह पाण्याखालच्या नाण्यासारखे हलू लागतात. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरून उठणारी ऊब यात आणखी भर घालते.

बाहुलीच्या मापाचा झोत

मग नेत्रिका कशावरून निवडावी? अनुभवी निरीक्षक विशालनाच्या आधी एक वेगळा आकडा पाहतात. नेत्रिकेतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी, हा तो आकडा. दुर्बिणीच्या व्यासाला विशालनाने भागले की तो मिळतो. २०० मिलिमीटरची दुर्बीण आणि १०० पट विशालन असेल तर झोत दोन मिलिमीटर जाड असतो.

डोळ्याची बाहुली अंधारात तरुणपणी सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढेल तशी ती आक्रसते आणि उतारवयात अनेकांची पाच मिलिमीटरच्या आसपास थांबते. झोत बाहुलीपेक्षा जाड असेल तर कडेचा प्रकाश डोळ्यात न शिरता वाया जातो. उलट झोत अर्ध्या मिलिमीटरहून बारीक झाला तर चित्र मलूल होते आणि डोळ्यातील बारीकसारीक तंतूंच्या सावल्या तरंगताना दिसू लागतात.

शहरी निरीक्षकांसाठी या आकड्याचे महत्त्व आणखी वेगळे आहे. मुंबई-पुण्याच्या आकाशात पाच-सहा मिलिमीटर जाडीचा झोत आला की ताऱ्यांबरोबर दिव्यांनी उजळलेले करडे आकाशही डोळ्यात भरते. झोत दोन मिलिमीटरच्या आसपास आणला की पार्श्वभूमी काळवंडते. तारे मात्र बिंदूरूप असल्याने फारसे मंदावत नाहीत आणि तारकागुच्छ उठून दिसतो. शहरातून काहीच दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी केवळ मधली नेत्रिका वापरून पाहिलेली नसते.

गडद अंधारात हिशेब उलटतो. तेथे कमी विशालनाची, जाड झोताची नेत्रिका दिवाळी साजरी करते. असा अंधार आता दुर्मीळ झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही घटना म्हणूनच आकाशप्रेमींना मोलाची वाटली.

खिडकी किती रुंद?

दुसरा निकष दृश्यक्षेत्राचा. नेत्रिकेला डोळा लावल्यावर आकाशाचे जे वर्तुळ दिसते ते काही नेत्रिकांत नळीच्या तोंडाएवढे, तर काहींत दालनाच्या खिडकीएवढे भासते. चारशे वर्षांचा नेत्रिकेचा इतिहास हा प्रामुख्याने ही खिडकी रुंद करण्याचा इतिहास आहे.

गॅलिलिओने १६०९ मध्ये वापरलेल्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्वक्र होते. तिचे दृश्यक्षेत्र इतके चिंचोळे होते की संपूर्ण चंद्रही एका वेळी त्यात मावत नसे. केप्लरने १६११ मध्ये बहिर्वक्र भिंगाची नेत्रिका सुचवली. तिच्यातून प्रतिमा उलटी दिसते, पण क्षेत्र वाढते. सतराव्या शतकातच हायगेन्सने एकाऐवजी दोन भिंगे वापरून रंगांची किनार कमी केली. १८४९ मध्ये केल्नर, १८६० मध्ये व्हिएन्नाचा प्लोसल आणि १८८० मध्ये एर्न्स्ट आबे यांनी सुधारित रचना दिल्या. आबे यांची ‘ऑर्थोस्कोपिक’ नेत्रिका ग्रहनिरीक्षकांच्या आजही मर्जीतली आहे; क्षेत्र अवघे चाळीस-पंचेचाळीस अंशांचे, पण चित्र अत्यंत नेटके. प्लोसल रचनेचे क्षेत्र सुमारे पन्नास अंशांचे असते आणि किंमत आवाक्यातली. म्हणूनच नवशिक्याला आज सर्वाधिक शिफारस तिचीच होते.

मोठी झेप आली ती १९८० मध्ये. अपोलो मोहिमांच्या प्रशिक्षणासाठी चांद्रयानाच्या सिम्युलेटरची दृश्यप्रणाली तयार करण्याच्या कामात असलेले अमेरिकी प्रकाशतज्ज्ञ अल नागलर यांनी ८२ अंशांच्या क्षेत्राची नेत्रिका बाजारात आणली. त्यांच्याच टेली व्ह्यू कंपनीने २००७ मध्ये १०० अंशांचा टप्पा गाठला. अशा नेत्रिकेतून पाहताना वर्तुळाची कड दिसेनाशी होते आणि आपण अवकाशातच तरंगतो आहोत असा भास होतो. मात्र तिचे वजन आणि किंमत दोन्ही भारी. उत्तम प्रतीच्या एका नेत्रिकेच्या पैशांत प्रसंगी अख्खी आठ इंची दुर्बीण येते.

रुंद क्षेत्र ही केवळ चैन आहे का? लाकडी बैठकीवर हाताने फिरवायच्या डॉब्सोनियन दुर्बिणीच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर चार मिनिटांना सुमारे एक अंश सरकते. २०० पट विशालनावर पन्नास अंशांच्या नेत्रिकेतून आकाशाचा पाव अंशाचाच तुकडा दिसतो आणि शनी तो साधारण एका मिनिटात ओलांडून जातो. सोसायटीच्या गच्चीवर रांग लागलेली असताना आजोबांनी चष्मा सावरून डोळा लावेपर्यंत ग्रह निसटलेला असतो. ८२ अंशांची नेत्रिका हाच अवधी दीड मिनिटांच्या पुढे नेते.

तथापि, एक पथ्य पाळावे लागते. ज्या दुर्बिणीचे नाभीय अंतर तिच्या व्यासाच्या चार-पाच पटच असते, तिच्यातून येणारा प्रकाश तिरकस कोनांत येतो. स्वस्तातली रुंद नेत्रिका तेथे कडेच्या ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दाखवते. दहा पट नाभीय अंतराच्या दुर्बिणीत तीच नेत्रिका समाधानकारक चालते. मित्राची आवडती नेत्रिका आपल्या दुर्बिणीत निराशा करते, यामागे अनेकदा हेच कारण असते.

चष्मा, पापण्या आणि सोय

तिसरा निकष तांत्रिक पत्रकात लहान अक्षरांत असतो, पण रात्रीच्या दुसऱ्या तासाला तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. संपूर्ण वर्तुळ दिसण्यासाठी डोळा नेत्रिकेच्या काचेपासून किती अंतरावर ठेवता येतो, हा तो निकष. प्लोसल नेत्रिकेत हे अंतर तिच्या नाभीय अंतराच्या सुमारे सत्तर टक्के असते. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेला ते ऐसपैस असते. ६ मिलिमीटरच्या नेत्रिकेला मात्र जेमतेम चार मिलिमीटर उरते आणि पापण्या काचेला घासतात.

ज्यांना केवळ जवळचा किंवा दूरचा नंबर आहे त्यांनी चष्मा काढून पाहावे. फोकस फिरवला की नंबर भरून निघतो. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर मोठा आहे, त्यांना मात्र विशेषतः कमी विशालनावर चष्मा ठेवूनच पाहावे लागते. त्यांनी १५ ते २० मिलिमीटर अंतर देणारीच नेत्रिका घ्यावी, मग इतर गुण थोडे कमी असले तरी चालेल.

तीन नेत्रिकांचा संसार

आकाशप्रेमींत लोकप्रिय असलेली आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन घेतली, तर दहा-बारा नेत्रिकांची पेटी जमवण्याची गरज नाही. तीन पुरतात.

पहिली ३२ मिलिमीटरची प्लोसल. विशालन सुमारे ३७ पट, झोत साडेपाच मिलिमीटरच्या आत आणि आकाशाचा सव्वा अंशाहून मोठा तुकडा. कृत्तिकांचे ठळक तारे एका नजरेत मावतात. सप्तर्षीतील वसिष्ठ आणि अरुंधती एका चौकटीत येतात आणि वसिष्ठ हा स्वतःही जोडतारा आहे हे लगेच कळते. हरवलेली वस्तू शोधण्यासाठीही हीच कामी येते. सव्वा इंची नळीत ४० मिलिमीटरची प्लोसल घेण्यात हशील नाही. नळीच्या तोंडाची मर्यादा आड येते आणि आकाश काही अधिक दिसत नाही.

दुसरी १२ मिलिमीटरच्या आसपासची, शक्य तर साठ अंशांहून रुंद. विशालन १०० पट, झोत दोन मिलिमीटर. पूर्ण चंद्र चौकटीत मावतो. मृगातील तेजोमेघाच्या गाभ्यातील चार ताऱ्यांचा चौकोन स्पष्ट होतो. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला नरतुरंग समूहात दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ साखर सांडावी तसा कणाकणाने उलगडतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून पुरेसा वर येतो. युरोपातील बहुतेक निरीक्षकांच्या नशिबी हे भाग्य नाही. पैसे मोजायचेच असतील तर ते या मधल्या नेत्रिकेवर मोजावेत, कारण सर्वाधिक काळ दुर्बिणीत तीच बसलेली असते.

तिसरी ८ मिलिमीटरची, डोळ्याला सोयीचे अंतर देणारी. विशालन १५० पट. गुरूचे पट्टे, त्याच्या उपग्रहांच्या सावल्या आणि शनीच्या कड्यांतील कॅसिनीची फट हे हिचे विषय. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून काठाच्या बाजूने आल्याने दिसेनाशी झाली होती. पुढे ती क्रमाक्रमाने उघडत जाऊन २०३२च्या सुमारास पुन्हा पूर्ण रुंदीने दिसतील. हवा विलक्षण स्थिर असलेल्या मोजक्या रात्रींसाठी दुप्पट करणारे बार्लो भिंग १२ मिलिमीटरला लावले की २०० पट विशालन मिळते. ८ ते २४ मिलिमीटरची झूम नेत्रिका हाही एक पर्याय आहे. मात्र कमी विशालनावर, म्हणजे जेथे रुंदी हवी नेमके तेथेच, तिचे क्षेत्र आक्रसते.

दोन सावधगिऱ्या

काही जुन्या किंवा स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर आटे फिरवून बसवायची काळी ‘सूर्यकाच’ मिळते. ती वापरू नये. भिंगाने एकवटलेल्या उन्हाच्या तापाने ती तडकू शकते आणि त्या क्षणी डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचाच तर प्रमाणित फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवूनच पाहावा.

दुसरी सावधगिरी कोकण-मुंबईच्या हवेची. पावसाळ्याच्या दमट चार महिन्यांत काचेवर बुरशी धरते आणि ती लेप खाऊन टाकते. नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. धूळ रबरी फुग्याच्या फुंकणीने उडवावी. सदऱ्याच्या टोकाने काच पुसण्याची सवय मोडावी.

आधी पाहावे, मग घ्यावे

नेत्रिकेची निवड शेवटी डोळ्यावर ठरते आणि प्रत्येकाचा डोळा वेगळा. ग्रहांचा भोक्ता कमी काचांची ऑर्थोस्कोपिक मागेल, तेजोमेघांचा वेडा रुंद खिडकी मागेल आणि चष्मेवाला केवळ सोय मागेल. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतील. म्हणूनच पत्रकातील आकडे वाचून खरेदी करण्याआधी इतरांच्या नेत्रिकांतून पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्रात त्याची सोयही आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करीत आली आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्रींतून अनेकांना पहिल्यांदा शनी दाखवला. आयुकाने दुर्बीण घडवण्याच्या कार्यशाळांतून आरसा घासण्यापासूनचे धडे दिले.

अशा एखाद्या रात्री एकच शनी चार वेगवेगळ्या नेत्रिकांतून पाहावा. ज्या नेत्रिकेपाशी डोळा अवघडत नाही आणि पाहणारा नकळत अधिक वेळ रेंगाळतो, ती आपली. तिच्यावरचा आकडा बहुधा मधलाच निघतो.